काकाजींचा रविवारचा पिच्चर

आमचे घरमालक दुसऱ्यांच्या वतीनं बोलायचे. तसं त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं. समोरचा माणूस तोंड उघडायच्या बेतात असला, की यांचं वाक्य पूर्ण होऊन गेलेलं असायचं. किराणा दुकानात मी पिशवी पुढे केली, की मागून आवाज यायचा, "मॅडमले चायपत्ती द्या, आन् साखर बारीकवाली." मला हवा असायचा साबण. पण चहापत्तीही संपत आलेली असायचीच, म्हणून मी ती घेऊन घरी यायचे आणि साबणासाठी परत जायचे, काकाजी दुकानातून हलले आहेत अशी खात्री करून.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. पुढे मीही म्हणू लागले.

सौंसरच्या शाळेत मला मास्तरणीची नोकरी लागली आणि मी पांढुर्ण्याहून खोली शोधायला आले. माझे वडील पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत शिपाई होते. घरात पगारावर जगणारी मी दुसरीच, त्यामुळे सगळे खुशीत होते. सौंसरला मात्र खोली मिळेना. लोक नोकरी विचारायचे, गाव विचारायचे, मान डोलवायचे आणि मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं, की त्या खोलीत पुढच्याच आठवड्यात कुणीतरी पाहुणे राहायला येणार असायचे. एका घरी तर खोलीचं छत गळतं म्हणाले. मी वर पाहिलं, छत चांगलं कोरडं ठणठणीत होतं.

काकाजींच्या ओट्यावर मी उभी राहिले तेव्हा शेजारच्या निर्मलाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी नेहमीच्या क्रमानं सगळं विचारलं आणि शेवटी आडनावावर आल्या, "आडनाव काय वो तुमचं?"

मी तोंड उघडलं. आतून भरदार आवाज आला, "मॅडम हायत थ्या! शाळेत शिकवतात. आपली पुढची खोली घेऊन राहिल्या. आडनाव पगाराच्या कागदावर लिवलं असते, आपल्याले काय करायचं त्याचं?"

मी अजून खोली मागितलीही नव्हती. बनियन आणि धोतरातले, खांद्यावर टॉवेल टाकलेले, उंच, हसऱ्या चेहऱ्याचे एक गृहस्थ बाहेर आले. मला इतकं हायसं वाटलं, की रडूच येईल असं झालं. आणि त्याच वेळी कुठेतरी टोचलंही. माझं आडनाव काही लपवायची वस्तू नव्हती. मी म्हणाले, "मी बौद्ध आहे. मला सांगता येतं."

काकाजी माझ्याकडे बघत राहिले. नंतर निर्मलाबाईंकडे वळून, मघापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "आयकलं ना? मॅडम बौद्ध हायत, आन् त्याईले सांगता येते, असं थ्या सांगून राहिल्या."

गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार. निर्मलाबाईंनी तांदळातून मान वर केली नाही. काकाजींनी मला खोलीची चावी दिली.

त्या आवाजाचं कारण मला दुसऱ्या दिवशी समजलं. काकाजींनी सगळा जन्म सौंसरच्या बसस्टँडवर गाड्या पुकारल्या होत्या. मी आले तेव्हा ते निवृत्त झाले होते, आवाज झाला नव्हता. सौंसर मध्य प्रदेशात, म्हणून नियमाप्रमाणे गाडी हिंदीतून पुकारायची, तशी ते पुकारत. पण मग माइक बंद न करता आपल्या बोलीत खुलासा करत. "छिंदवाड्याची गाडी लागली हाय. रस्ता घाटाचा हाय. ज्याले मळमळते त्यानं खिडकी धरावं, आन् ज्याले मळमळत नाही त्यानं त्याच्या मागच्या सीटवर बसू नये." संत्र्याच्या टोपल्या घेऊन नागपूरला निघालेल्या बायांची कंडक्टरशी जुंपली, की हे माइकवरून दोन्ही बाजू मांडायचे. आधी बायांची, मग कंडक्टरची, आणि शेवटी निकाल. तोवर गाडी भरून निघूनही गेलेली असायची.

घरात माइक नव्हता, पण त्यानं काही अडलं नाही. सकाळी सकाळी अंगणातून घोषणा व्हायची, "लक्ष द्या, नळ आला हाय. धार बारीक हाय. मॅडमची बालटी अजून आतच हाय." माझ्या खोलीत मैत्रीण आली, की तिला काय हवं नको ते मी विचारण्याआधी भिंतीपलीकडून सांगितलं जायचं. एकदा निर्मलाबाईंच्या जावयाची दाढ सुजली. काकाजी त्याला घेऊन दवाखान्यात गेले. जावयाला तोंड उघडवत नव्हतं, त्यामुळे त्याचं दुखणं काकाजींनीच सांगितलं: कसं ठणकते, कानात कशी कळ जाते, गरम पाण्यानं कसं बरं वाटते. सांगताना त्यांचाही चेहरा असा कळवळला, की डॉक्टरांनी बॅटरी घेतली आणि काकाजींनाच म्हणाले, "आ करा." त्यांनी केलाही. जावई बिचारा स्टुलावर गाल धरून बसला होता. ही गोष्ट काकाजी स्वतःच सगळ्यांना सांगायचे, डॉक्टरांच्या आवाजासकट.

या सगळ्यात घरात एक माणूस कमी होतं. काकी, म्हणजे काकाजींची बायको, पांढुर्ण्याला बहिणीकडे गेली होती, ती तिथेच राहिली होती. एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती वर्ध्याकडे गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत. भांडण कुणी ऐकलं नव्हतं. गल्लीत विचारलं तर सगळे एकच सांगायचे, काकी अगदी गरीब, तोंडातून शब्द निघायचा नाही, बहुतेक तिची तब्येत बरी नसेल. काकाजींना विचारलं तर म्हणायचे, "बहिनीकडं हाय. येते म्हनते." कधी म्हणाली, ते विचारायची सोय नव्हती.

माझी आणि त्यांची खोली एकाला एक लागून. मी कणीक मळत असले, की पलीकडून त्यांचा आवाज यायचा. "जेवायचं काय वो?" आणि मग जरा बारीक आवाजात, "बसतो जी, तुमी घ्या अगोदर." पुन्हा जाड आवाजात, "भाजी चांगली झाली आज." पुन्हा बारीक, "वांगे ताजे होते." पहिल्यांदा मला वाटलं, काकी परत आली. मी आनंदानं दारात गेले. आत काकाजी एकटेच ताटावर बसले होते. मला पाहून लाजले नाहीत की काही नाही. म्हणाले, "या मॅडम. भाजी चांगली झाली आज." मी परत येऊन कणीक बराच वेळ उगाच मळत बसले.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांनी टीव्ही आणला. गल्लीतला पहिला. नागपूरच्या दिशेनं तोंड केलेला अँटेना कौलांवर चढला, आणि घरात कुणीतरी दुसरं बोलू लागलं.

रविवारी संध्याकाळी हिंदी पिच्चर असायचा, त्याला गर्दी व्हायचीच. पण आमच्या गल्लीत त्याहून जास्त गर्दी व्हायची दुपारी. दुपारी देशातल्या कुठल्या ना कुठल्या भाषेतला बक्षीस मिळालेला पिच्चर लागायचा. त्यात माणसं फार थोडी असायची आणि ती फार थोडं बोलायची, तेही कुणालाच कळत नसलेल्या भाषेत. नदीकाठी एखादा म्हातारा बसलेला असायचा. तो बसलेलाच असायचा. दुसऱ्या घरांतल्या लोकांनी हा वेळ झोपेत काढला असता. आमच्याकडे काकाजी होते.

टीव्हीच्या बाजूला स्टुलावर ते पडद्याकडे तोंड करून बसायचे, लोकांकडे पाठ. सतरंजीवर बाया, पोरं, दारात उभे राहिलेले गडी. आणि काकाजी पडद्यावरच्या प्रत्येक माणसाचं बोलणं आपल्या बोलीत बोलायचे. पुरुषाचं जाड आवाजात, बाईचं बारीक आवाजात, बैलाचंही बोलायचे. त्यांना त्या भाषांतलं अक्षर येत नव्हतं. खाली इंग्रजीत ओळी येत, त्याही त्यांना वाचता येत नसत. गल्लीत इंग्रजी वाचणारी मी एकटी, आणि मला हसू आवरणं कठीण जायचं. खाली लिहिलेलं असायचं, "दिव्यात तेल नाही." काकाजी बारीक आवाजात म्हणायचे, "तुमच्या आईनं लग्नात माह्या मामाले मान देला नाही, थे मी इसरली नाही!" खाली असायचं, "पाऊस येईल का?" काकाजी म्हणायचे, "पाटलाले सांग, अँटेना आमच्या बाजूनं फिरव म्हना." सगळे खो खो हसायचे. बाहेर हे पिच्चर रडके म्हणून प्रसिद्ध होते. आमच्या गल्लीत त्यांना काकाजींचा पिच्चर म्हणत.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. त्यांच्या पिच्चरमधले पुरुष वाटेल ते बोलायचे. बाया मात्र सासूची तक्रार झाली, की लगेच नवऱ्याचं खरं म्हणायच्या. "बरं जी." "तुमीच सांगा जी." "मले काय समजते?"

शनिवारी शाळा सुटली, की मी अधूनमधून बसनं पांढुर्ण्याला घरी जायचे. असंच एकदा आई म्हणाली, "स्टेशनाकडच्या रस्त्यावर दोघी बहिणी पापड-कुरड्या करून विकतात, तिथून मुंगाचे पापड आन. धाकटीच्या तावडीत सापडू नको, बोलाले लागली का सोडत नाही."

ओट्यावर दोघी लाटत बसल्या होत्या. थोरली, जिला सगळे माई म्हणायचे, ती फक्त हसत होती. धाकटी बोलत होती. मी बसायच्या आत तिनं मला पापडाच्या पिठाची गोष्ट, शेजारच्या म्हशीची गोष्ट आणि रेल्वेच्या फाटकात अडकलेल्या एका वरातीची गोष्ट सांगून टाकली. प्रत्येक गोष्टीला हातवारे, प्रत्येक गोष्टीला शेवट. ऐकत राहावंसं वाटत होतं. मग तिनं विचारलं, "नोकरी कुठं हाय वो तुही?"

"सौंसरला."

"राहतं कुठं?"

मी घर सांगितलं. तिचं लाटणं थांबलं. माईचंही थांबलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "तू माह्याच घरात राहून राहिली, पोरी."

जिच्या तोंडातून शब्द निघत नाही असं सगळी गल्ली सांगत होती, ती ही!

"आमचे बुवा जेवतात काय टायमावर?" तिनं विचारलं. "आन् कोनाच्या वतीनं बोलून राहिले सध्या?"

मी जावयाच्या दाढेची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली, की पापड तसाच पोळपाटाला चिकटून राहिला. मी धीर करून विचारलं, "काकी, तुम्ही भांडून आलात का?"

"भांडाले दोघं लागतात ना! तथी माह्या वाट्याचंही भांडन थेच भांडत. 'आता तू म्हनशीन का असं असं,' म्हनत, आन् माहं म्हननं म्हनून टाकत. मंग त्याचं उत्तरही देत. मंग म्हनत, 'मिटलं ना?' मी आपली पोया लाटत राहो." ती पुन्हा हसली, पण या वेळी थोडीच. "मानूस वाईट नाही वो. माह्यावर हात नाही, शिवी नाही. पोरगी होती तवर तिच्यासंगं बोलत होती मी. थे सासरी गेली. मंग एक दिवस कोनी दारात येऊन पुसलं, 'बुवा हायत काय घरी?' आन् मले उत्तरच नाही आलं. तोंड उघडलं आन् वाट पाहून राहिली, थे बोलतीन म्हनून. थे तं घरी नव्हते! त्या दिवशी मी भेली. दुसऱ्या दिवशी बहिनीकडं आली."

माईनं तिच्या पाठीवरून पिठाचा हात फिरवला. मी टीव्हीचं सांगितलं. काकाजींचा पिच्चर, म्हातारा, बैल, सगळं. काकी मन लावून ऐकत होती. बैलाचं ऐकून हसलीही. मग एकदम म्हणाली, "बाईचंही थेच बोलतात?"

"हो. बारीक आवाजात."

"काय बोलते बाई?"

"बरं जी म्हणते."

काकीनं नवीन गोळी घेतली आणि फार जोर लावून लाटली. तो पापड आरपार दिसत होता.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दोघी बहिणी शनिवारी जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला आल्या, रात्री लोधीखेड्याला माईच्या नातलगांकडे राहिल्या, आणि रविवारी दुपारी माईला तिथेच ठेवून काकी आमच्या दारात उभी. माझ्या कानाशी म्हणाली, "माहा खलबत्ता न्याले आली. मसाल्याले लागते." खलबत्ता पांढुर्ण्याच्या बाजारात ढिगानं मिळायचा.

आत पिच्चर सुरू झाला होता. काकाजी स्टुलावर, पाठ आमच्याकडे. काकी पदर डोक्यावर घेऊन दारातल्या बायांमध्ये बसली. निर्मलाबाईंनी तिला ओळखलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. काकीनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

पिच्चर दक्षिणेकडचा असावा. चहूकडे पाणी, नारळीची झाडं आणि पाण्याच्या काठाला एक मोठं घर. घरात नवरा-बायको, तरुणपण सरलेले. नवरा वाचत बसायचा. बायको एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची. दोघं जेवायला बसायचे, तेव्हा भांड्यांचा आवाज तेवढा यायचा. मी आजवर त्याहून उदास काही पाहिलं नव्हतं. पण इथे कुणी उदास होणार नव्हतं, कारण काकाजी रंगात आले होते.

नवऱ्यानं घास घेतला. "भाजीत मीठ कमी हाय," काकाजी जाड आवाजात म्हणाले. बायकोनं मान खाली घातली. "चुकलं जी," बारीक आवाजात, "उद्या टाकतो."

"थे असं नाही म्हनत," मागून आवाज आला.

सगळे हसले. काकाजी मागे न बघता म्हणाले, "मंग काय म्हनते, निर्मलाबाई?"

"थे म्हनते, मीठ बराबर हाय. तुमी घास तोंडात घेऊन बोलत राहता, चव कोठून लागन तुमाले?"

हशा पिकला. पण मी काकाजींच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ एकदम ताठ झाली. आवाज ओळखला होता त्यांनी. वळले नाहीत. खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि जाड आवाजात, जरा जपून म्हणाले, "बरं. मंग काय करू म्हनते मी?"

"अगोदर गिळा म्हनते."

पोरं लोळायला लागली. पडद्यावर नवरा उठला, हात धुतला, पुस्तक घेऊन बसला. बायको त्याच्यासमोर उभी राहिली. काकाजी म्हणाले, "काय पायजे?" काकी म्हणाली, "काही नाही. तुमी पुस्तकातून मुंडकं वर काढता का, थे पाहून राहिली." काकाजी म्हणाले, "काढलं." खरंच, त्याच क्षणी त्या नवऱ्यानं मान वर केली. टाळ्या पडल्या. खाली इंग्रजीत काहीतरी दुसरंच होतं. मी वाचायचं सोडून दिलं होतं.

असं बराच वेळ चाललं. तो बोलायचा, ती बोलायची. बाजाराचं, पोरीच्या लग्नाचं, न विचारता बोलावलेल्या पाहुण्यांचं. लोकांनी काकीला आता ओळखलं होतं, पण त्यांना वाटत होतं, दोघं पिच्चर करून राहिले. निर्मलाबाई आणि मी, आम्हा दोघींना माहीत होतं.

मग पडद्यावर ती बाई खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर नुसतं पाणी. ती तशीच उभी. सगळ्यांच्या माना काकीकडे वळल्या.

"आता थे काही म्हनत नाही," काकी हळू म्हणाली. "तिले बोलायचं हाय. पन तिची सवय मोडली."

कुणी हसलं नाही. पडद्यावर नवरा दारात आला. तोही उभा राहिला. त्याचे ओठ हलत नव्हते. आता काकाजींची पाळी. न हलणाऱ्या ओठांवरही बोलायचं, यात तर त्यांची ख्याती. पण ते गप्प.

"काकाजी, बोला ना! थो काय म्हनते?" एक पोरगी म्हणाली.

काकाजींनी टॉवेलनं चेहरा पुसला. "थो काही म्हनत नाही," ते म्हणाले. "थो आयकून राहिला."

मी त्या घरात आल्यापासून इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. पिच्चरमधल्या पाण्याचा आवाज येत होता.

शेवटी त्या बाईनं एक पेटी भरली आणि नावेत बसून निघाली. नवरा काठावर राहिला. नाव लहान होत गेली आणि पिच्चर संपला. लगेच गलका झाला. "आली काय थे वापस?" "मॅडम, खाली काय लिवलं होतं?" "असा कसा संपला?"

मी म्हणाले, "खाली काही लिहिलं नव्हतं." खरंच नव्हतं.

तेव्हा काकाजी स्टुलावरून वळले. काकी दारात, पदर खांद्यावर आलेला. काकाजींनी सगळ्यांकडे पाहिलं आणि सवयीनं त्यांचं तोंड सुरू झालं, "थे येते म्हनते. थे म्हनते का आता पोरीचं झालं, आपन..."

आणि ते थांबले. स्वतःच थांबले. तोंड मिटलं. मग उठून दोन पावलं पुढे आले आणि काकीला, सगळ्या गल्लीसमोर, विचारलं, "येतं काय वो?"

काकीनं पटकन उत्तर दिलं नाही. आणि काकाजी थांबले. शब्द दातांशी आलेले दिसत होते, पण थांबले.

"नाही," काकी म्हणाली.

निर्मलाबाईंच्या तोंडून "अवो माय!" निघालं.

"मी नाही येत," काकी म्हणाली. "माहं तथी काम हाय. बहीन हाय. ओट्यावर बाया येतात, बोलनं होते. मी कायले येऊ? तुमीच या."

बायकोच्या बहिणीच्या घरी जाऊन राहायचं! दारातल्या गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी खाकरलं. काकाजी जमिनीकडे बघत उभे होते. या माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतो आहे, हेच लोकांना नवल. मग त्यांनी मान वर केली.

"टीव्ही आनू काय संगं?"

"आना," काकी म्हणाली. "पन बाईचं मी बोलीन."

त्यानंतर जो गोंधळ झाला तो सांगत नाही. कुणी चहा ठेवला, कुणी संत्री आणली, एका म्हाताऱ्यानं तर काकाजींना आशीर्वादच दिला, नव्या नवरदेवाला देतात तसा. खलबत्ता न्यायचा राहूनच गेला.

पुढच्याच आठवड्यात टीव्ही गोधडीत गुंडाळून पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढला. काकाजी त्याला मांडीवर घेऊन बसले. बाजूच्या माणसाला त्यांनी काय काय सांगितलं असेल, मला कल्पना आहे. घर माझ्या भरवशावर ठेवलं. निर्मलाबाई मला म्हणाल्या, "गल्ली सुनी झाली वो, मॅडम." मग स्वतःच ओट्यावर येऊन बसायला लागल्या, माझ्याकडे निवडायच्या तांदळाचं सूप सरकवून.

पांढुर्ण्याला गेले, की मी त्यांच्याकडे हटकून जायचे. काकाजींची सवय गेली होती असं नाही. गिऱ्हाईक आलं, की "यायले कुरड्या पायजे" असं निघून जायचंच. काकी रागावायची नाही, नुसतं लाटणं थांबवायची. तो आवाज बंद झाला, की काकाजी वाक्य अर्ध्यात सोडून द्यायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हां, बोला, बोला." माई अजूनही फक्त हसायची.

रविवारचा पिच्चर तिथेही जोरात चालला. स्टेशनाकडच्या बाया, रेल्वेतली माणसं, सगळे यायचे. मग टीव्हीवर हिंदी मालिका वाढल्या. त्यात माणसं स्वतःच इतकं बोलायची, की या दोघांना मध्ये बोलायला जागाच राहिली नाही. काकाजी म्हणाले, यात दम नाही. तेव्हा दोघं संध्याकाळी ओट्यावर बसू लागले. गाडीच्या वेळेला रस्त्यानं माणसं जायची. एखादं जोडपं दिसलं, नवरा पुढे तरातरा चाललेला, बायको मागे पिशवी सावरत, की काकाजी हळूच नवऱ्याचं बोलायचे आणि काकी बायकोचं. जाणाऱ्यांना पत्ताही नसायचा. आई म्हणायची, त्या ओट्यावरून जाताना माणसं भांडत असतील तर गुमान चालायला लागतात.

माझं लग्न ठरलं, ते पांढुर्ण्याच्या बुद्धविहारात साधेपणानं झालं. काकाजी-काकी आणि माई तिघंही आले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि माझे यजमान गाडी धरायला स्टेशनावर निघालो. दोघंही नवे, काय बोलावं ते सुचत नव्हतं. ओट्यासमोरून जाताना पाहिलं, तर तिघं ओळीनं बसलेली. काकाजींचे ओठ हलत होते आणि माई पदर तोंडात धरून हसत होती. मला राहवेना. यजमानांना जरा थांबा म्हणाले आणि ओट्याशी गेले.

"काकी, खरं सांगा, माझ्या तोंडी काय घातलं?"

काकीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"यायनं जावईबापूचं बोललं," ती काकाजींकडे बोट दाखवून म्हणाली. "मी काही नाही बोलली. म्हनलं, थ्या पोरीले सांगता येते."

यजमान कोपऱ्यावर पिशव्या घेऊन उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले, एक पिशवी घेतली आणि बोलायला सुरुवात केली.